विद्यापीठाच्या संशोधन-भागीदारी सेवेचे परीक्षण: एका अपंग संघटनेचा दोन वर्षांचा अनुभव

आमची अपंग व्यक्तींची संघटना गेली दोन वर्षे एका विद्यापीठाच्या संशोधन-भागीदारी कक्षाबरोबर काम करीत आहे. संघटनांची संशोधकांशी गाठ घालून देणे आणि संशोधनाच्या आखणीपासून नीतिसमितीच्या मंजुरीपर्यंत साहाय्य करणे, ही या कक्षाची सेवा. अशा भागीदारीचा विचार करणाऱ्या संघटनांसाठी हे परीक्षण लिहीत आहे.

पहिल्या वर्षाबद्दल समाधानाने सांगावे असे फार थोडे आहे. आम्ही पहिल्या बैठकीला गेलो तेव्हा संशोधनाचा प्रश्न ठरलेला होता, निधीची वाटणी झालेली होती आणि आम्ही मुलाखतींसाठी माणसे मिळवून द्यावीत एवढीच अपेक्षा उरली होती. कागदपत्रे आदल्या रात्री स्कॅन केलेल्या चित्रांच्या स्वरूपात आली, त्यामुळे पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणाऱ्या, आमच्या अंध सदस्यांच्या स्क्रीन रीडरला त्यातील एक अक्षरही वाचता आले नाही. तीन तासांच्या बैठकीला सांकेतिक भाषेचा एकच दुभाषी होता. हे काम दोघांनी थोड्या थोड्या वेळाने आलटून पालटून करायचे असते, कारण थकलेल्या दुभाष्याच्या हातून एखादे वाक्य निसटले, तर ते निसटले हेसुद्धा कर्णबधिर सदस्याला कळत नाही.

संशोधनात अपंगांचे म्हणणे विचारात घेतले जात नाही, ही तक्रार जुनी आहे. इंग्लंडमधील ले कोर्ट या निवासगृहातील अपंग रहिवाशांनी १९६०च्या दशकात आपल्या मागण्यांना बळ मिळेल या आशेने संशोधकांना बोलावले होते; १९७२मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाल्यानंतर, तेथे राहिलेल्या पॉल हंट यांनी त्या संशोधकांच्या तटस्थतेच्या दाव्यावरच कठोर टीका केली. संयुक्त राष्ट्रांच्या २००६च्या अपंग व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या करारातील कलम ४(३) अपंगांशी संबंधित निर्णयांत त्यांच्या प्रातिनिधिक संघटनांचा सक्रिय सहभाग घेण्याचे बंधन शासनांवर घालते, आणि अपंगांसाठी काम करणाऱ्या संस्था वेगळ्या व अपंगांनी स्वतः चालवलेल्या संघटना वेगळ्या, हा भेद त्या कराराच्या समितीने २०१८मध्ये स्पष्ट केला. आम्ही याच भेदावर बोट ठेवले आणि दुसऱ्या वर्षाचा करार नव्याने लिहून घेतला.

त्यानंतरचे काम मनापासून वाखाणण्यासारखे आहे. पाहणीसाठी वॉशिंग्टन गटाची, म्हणजे अपंगत्वाच्या मोजणीवर काम करणाऱ्या संयुक्त राष्ट्रांच्या सांख्यिकी गटाची, छोटी प्रश्नावली निवडली होती. तिच्यातील सहा प्रश्न पाहणे, ऐकणे, चालणे, लक्षात ठेवणे, स्वतःची काळजी घेणे आणि संवाद साधणे यांत किती अडचण येते एवढेच विचारतात. 'अपंगत्व' हा शब्द त्यांत मुद्दामच ठेवलेला नाही, कारण त्या शब्दाला जोडलेल्या संकोचामुळे पुष्कळ जण सरळ नकार देतात. तरीही सरावाच्या वेळी विद्यार्थी 'घरात कोणी अपंग आहे का?' असे विचारूनच सुरुवात करीत, आणि कर्णबधिर व्यक्ती समोर बसलेली असताना तिच्या भावाकडून उत्तरे घेत. प्रशिक्षण देणारे आमचेच सदस्य असल्यामुळे हे तिथल्या तिथे सुधारले गेले. मानसिक आजारामुळे येणाऱ्या अडचणी या सहा प्रश्नांतून निसटतात, हा आमच्या एका सदस्येचा आक्षेपही मान्य झाला आणि चिंता व नैराश्य यांवरील प्रश्न त्याच गटाच्या विस्तृत प्रश्नावलीतून घेण्यात आले. प्रमुख संशोधिकेने त्या सदस्येला अहवालाची सहलेखिका केले, याचा मला विशेष आनंद वाटतो.

मानधन ठरल्याप्रमाणे मिळाले, पण लेखा विभागाच्या कागदपत्रांत महिनोन्‌महिने अडकून. पगारी संशोधकांना हा विलंब सोसतो. प्रवासासाठी मदतनीस आणि वाहन यांचा खर्च आधी स्वतःच्या खिशातून करणाऱ्या सदस्याला तो सोसत नाही.

सर्वांत मोठी उणीव अजून भरून निघालेली नाही. बौद्धिक अपंगत्व असलेल्या सदस्यांसाठीची सुलभ-वाचन आवृत्ती, म्हणजे सोप्या भाषेत लिहिलेला अहवाल, मुख्य अहवालानंतर चार महिन्यांनी आली, आणि तोवर अहवालावरील चर्चासत्र उरकले होते. ज्यांनी मुलाखती दिल्या, त्यांनाच आपल्याविषयी काय लिहिले गेले हे सर्वांत शेवटी कळावे, हे मला मुळीच मान्य नाही.

या सेवेची शिफारस मी करतो, मात्र संशोधनाचा प्रश्न आणि अंदाजपत्रक हे दोन्ही ठरण्यापूर्वी तुमची संघटना बैठकीत असेल, हे लेखी घेतल्याशिवाय सही करू नये. तिसऱ्या वर्षाच्या करारात आम्ही दोन्ही आवृत्त्या एकाच दिवशी प्रसिद्ध करण्याची अट घातली असून, सुलभ-वाचन आवृत्तीचा पहिला मसुदा सध्या आमच्या सदस्यांकडे वाचनासाठी आहे.