पारदर्शक वाटीचा वॉटर सेपरेटर : ६४० तास चालवल्यानंतर

ट्रॅक्टरच्या डिझेलमधलं पाणी वेगळं करणारा हा सेपरेटर बसवल्यावर अकराव्या दिवशी त्याच्या वाटीच्या तळाशी बोटाच्या पेराएवढं पाणी दिसलं. वर पिवळसर डिझेल, खाली पाणी आणि मधे एक स्पष्ट रेघ. इतकी वर्षं हे पाणी कुठं जात होतं, ते मला त्या दिवशी कळलं. आधी ते कागदी फिल्टरच्या लोखंडी डब्यात साठायचं आणि डबा भरला की थोडं थोडं पंपात उतरायचं.

माझा ट्रॅक्टर ४५ अश्वशक्तीचा, तीन सिलिंडरचा, नोझलला दाबानं डिझेल देणाऱ्या साध्या यांत्रिक पंपाचा. टाकीखाली कॉक, मग टाकीतून डिझेल ओढून पुढं पाठवणारा छोटा फीड पंप, मग शेजारी शेजारी दोन फिल्टर, पहिला कापडी आणि दुसरा कागदी. पुस्तकात लिहिलेल्या तासांप्रमाणे मी दोन्ही वेळेवर बदलत आलो होतो. तरीही गेल्या हंगामाआधी इंजिन मिसिंग मारायला लागलं, म्हणजे मधेच ठोका चुकायला लागलं, सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारे नोझल काढावे लागले आणि शेवटी मोठा पंप उघडायची वेळ आली. मिस्त्रींनी पंपातला डिझेल दाबणारा दांडा, म्हणजे प्लंजर, उजेडात धरून दाखवला. चकचकीत असायला हवा त्या पृष्ठभागावर गंजाचे बारीक ठिपके होते. ते म्हणाले, "भाऊ, हा पंप कचऱ्यानं नाही, पाण्यानं गेलाय." प्लंजर आणि तो ज्यात सरकतो त्या बॅरलमधली फट दोन-तीन मायक्रॉनची असते. माणसाचा केस साधारण सत्तर मायक्रॉनचा असतो, त्यावरून ती किती बारीक आहे ते समजेल. तिथं वेगळं ऑइल जात नाही, डिझेलच वंगणाचं काम करतं. डिझेलच्या जागी पाण्याचा थेंब आला की तेवढ्या वेळापुरता धातूवर धातू घासतो आणि ट्रॅक्टर उभा राहिला की तोच थेंब गंज धरतो.

त्यानंतर मी हा सेपरेटर घेतला. वर ॲल्युमिनियमचं डोकं, त्यावरच छोटा हातपंप, खाली आट्यांवर फिरवून बसणारा ३० मायक्रॉनचा फिल्टर, त्याखाली पारदर्शक वाटी आणि तळाला पाणी सोडायची चावी. त्यातच १० मायक्रॉनचाही मिळत होता. मी मुद्दाम ३० चा घेतला, कारण मला तो फीड पंपाच्या आधी बसवायचा होता. त्या बाजूला पंप डिझेल ओढत असतो, ढकलत नसतो. तिथं फार बारीक जाळी लावली की ओढ कमी पडते. बारीक गाळण्याचं काम पुढचा कागदी फिल्टर करतोच. पंपाच्या आधी बसवण्याचं दुसरं कारण म्हणजे, एकदा पाणी पंपातून गेलं की ते घुसळून निघतं. त्याचे इतके बारीक थेंब होतात की ते पटकन खाली बसत नाहीत. पंपाआधी थेंब मोठे असतात आणि जड असल्यामुळे आपोआप तळाला जातात. पाण्याच्या एका लिटरचं वजन एक किलो, डिझेलचं साधारण ८३० ते ८५० ग्रॅम. सगळं काम या फरकावर चालतं.

बसवायला मला दीड तास लागला. सायलेन्सरपासून लांब आणि उभ्या उभ्या नजर पडेल अशी जागा शोधण्यातच निम्मा वेळ गेला. वाटी प्लास्टिकची आहे, उष्णतेजवळ तिला अजिबात ठेवू नका. आणि दिसणार नाही अशा कोपऱ्यात बसवायची असेल तर पारदर्शक घेण्यात अर्थच उरत नाही.

आता तक्रार. सोबतच्या कागदावर चित्रं होती, बाण होते, पण सगळ्यात महत्त्वाची गोष्ट नव्हती. फीड पंपाआधीच्या या ओढीच्या बाजूला गळती झाली तर डिझेल बाहेर येईलच असं नाही, हवा आत जाते. पहिल्यांदा वाटी धुवायला उघडली तेव्हा जुनी रबरी रिंग वरच्या खाचेत चिकटून राहिली. माझ्या ते लक्षात आलं नाही आणि मी त्यावर नवी रिंग बसवली. टाकी भरलेली होती, पातळी फिल्टरच्या वर होती, म्हणून इंजिन छान चाललं. वाटीच्या कडेला धूळ ओलसर चिकटलेली दिसली, ती कालच्या सांडलेल्या डिझेलची समजून मी पुसून टाकली. दुसऱ्या दिवशी टाकी अर्ध्याखाली गेली आणि नांगराच्या लोडवर इंजिन दम सोडायला लागलं. रेस कमी केली की चाले, लोड दिला की बसे. कुठं ओल नाही, थेंब नाही. कॉक पाहिला, टाकीच्या झाकणाचं भोक पाहिलं, नवा कागदी फिल्टर चढवला, दुपार गेली. शेवटी वाकून वाटीकडे बघितलं तर वरच्या कडेनं बुडबुड्यांची माळ लागली होती. म्हणजे चूक पकडून दिली तीही त्याच वाटीनं. रिंग काढताना जुनी हातात आली का ते मोजून घ्या. एक काढली तर एकच बसवायची. त्या कागदावर ही एक ओळ हवी होती.

चावीबद्दलही बोलायला हवं. ती प्लास्टिकची आहे आणि तिचे आटे नाजूक आहेत. ४०० तासांच्या आसपास ती पाझरायला लागली. मी पान्यानं कधी आवळली नव्हती, हातानंच, तरीही. सुटी चावी मिळाली, पण ती पितळेची असती तर मी या वस्तूबद्दल जवळजवळ काहीच वाईट बोललो नसतो. वाटी अजून स्वच्छ आहे, थोडी पिवळट झाली आहे एवढंच. तिला थिनर किंवा ब्रेक साफ करायचा स्प्रे लावू नका, अशा द्रवांनी हे प्लास्टिक तडकतं. साबणाचं पाणी किंवा स्वच्छ डिझेल पुरतं, आणि साबणानं धुतली तर पूर्ण वाळवूनच बसवायची.

पाणी सोडताना माझी पद्धत ठरलेली आहे. सकाळी, इंजिन चालू करण्याआधी. रात्रभर सगळं निवलेलं असतं, पाणी तळाला बसलेलं असतं. वरचा एअर स्क्रू किंचित सैल करायचा, खाली डबा धरायचा, चावी उघडायची, पाणी संपून डिझेल आलं की बंद. टाकी निम्म्याखाली असेल आणि वरचा स्क्रू न उघडता चावी उघडली तर पाणी खाली येत नाही, उलट हवा वर जाते आणि मग हातपंप मारत बसावं लागतं. पावसाळ्यात मी रोज बघतो, कोरड्या दिवसांत आठवड्यातून दोनदा. काम संपलं की संध्याकाळीच टाकी भरून ठेवायला लागल्यापासून पाणी निम्म्यानं कमी झालं. रिकाम्या टाकीत दमट हवा असते, रात्री पत्रा थंड झाला की तिचं दव धरतं आणि ते खाली उतरतं. हे मला आधीही ठाऊक होतं, पण वाटीत फरक दिसेपर्यंत मी ते कधी मनावर घेतलं नव्हतं.

एकदा वाटीत पाणी आणि डिझेलच्या सीमेवर काळपट बुळबुळीत थर दिसला. ती घाण नव्हे, वाढ आहे. पाणी आणि डिझेल जिथं भेटतात तिथं सूक्ष्मजीव वाढतात आणि त्यांचा चिकट थर फिल्टर बुजवतो. अशा वेळी नुसता फिल्टर बदलून भागत नाही. मी टाकी पूर्ण रिकामी करून धुतली, आणि तळातून निघालेला गाळ बघून वाटलं की हे पाच वर्षांपूर्वी करायला हवं होतं.

फिल्टर बदलायचं काम या नव्या डोक्यामुळे सोपं झालं आहे, आणि माझ्या दृष्टीनं या वस्तूचा दुसरा मोठा गुण हाच. जुन्या फीड पंपाच्या हातदांड्याचा मला फार वैताग होता. इंजिन नेमकं अशा जागी थांबलेलं असलं की कॅमनं पंपाचा लिव्हर आधीच दाबून धरलेला असतो, तर दांडा कितीही हलवा, जोर लागतच नाही. माहीत नसलेला माणूस पंप खराब झाला समजतो. इंजिन थोडं फिरवलं की दांडा लागतो. नव्या डोक्यावरच्या हातपंपाला ही अडचण नाही.

आधी भोवतालचा सगळा भाग ब्रशनं आणि डिझेलनं धुवून घ्यायचा, कारण फिल्टर उघडल्यावर वरून पडणारा मातीचा कण सरळ स्वच्छ बाजूला जाऊ शकतो. कॉक बंद. जुना फिल्टर पट्ट्याच्या पान्यानं सैल करायचा. नव्याच्या रबरी रिंगला डिझेलचं बोट फिरवायचं, हातानं बसवायचा, रिंग टेकली की अर्धा ते पाऊण फेरा आणखी. पाना फक्त काढण्यासाठी. कागदी फिल्टर आधीच डिझेलनं भरून बसवायची पुष्कळांना सवय आहे, म्हणजे हवा कमी काढावी लागते. मी ते सोडून दिलं. मधल्या भोकातून ओतलेलं कॅनमधलं डिझेल गाळलं न जाता थेट मोठ्या पंपाकडं जातं, आणि आपण फिल्टर बदलतोय तो नेमका त्याच गोष्टीसाठी. रिकामा बसवावा आणि हातपंपानं भरावा.

मग हवा काढणं. फिल्टरच्या डोक्यावरचा स्क्रू एक-दीड फेरा सैल, हातपंप मारत राहायचं. आधी फेस येतो, मग बुडबुडे, मग सलग धार. धार चालू असताना, म्हणजे पंप दाबलेला असतानाच स्क्रू आवळायचा. हात सोडून आवळला की थोडी हवा परत आत ओढली जाते. त्यानंतर हेच मोठ्या पंपावरच्या स्क्रूला. इतकं नीट केलं तर माझं इंजिन नोझलचे नट सैल न करता चालू होतं. झालं नाही तर सेल्फ एका वेळी दहा-पंधरा सेकंदांपेक्षा जास्त मारायचा नाही, मधे त्याला निवू द्यायचा. ज्यांचा ट्रॅक्टर कॉमन रेलचा आहे, म्हणजे सगळ्या नोझलना एकाच जास्त दाबाच्या नळीतून डिझेल मिळतं, त्यांनी मात्र नोझलकडच्या नळ्यांना हात लावू नये. तिथं हजार बारच्या वर दाब असतो. आपल्या जुन्या यांत्रिक पंपांतही नोझल दोनशे बारच्या आसपास उघडतो, तोही कातडीतून आत घुसायला पुरेसा आहे. गळती शोधायची तर पुठ्ठ्याचा तुकडा फिरवा, बोट कधीच नाही. असं डिझेल आत गेलं तर जखम टाचणीएवढी दिसते, पण तडक दवाखान्यात जावं लागतं.

जोडांखालचे तांब्याचे वायसर, म्हणजे चकत्या, दर वेळी नवे घालतो. जुने तापवून पाण्यात टाकले की मऊ होतात आणि पुन्हा चालतात, हेही खरं आहे, पण मी आता पुडीच आणून ठेवतो.

या सेपरेटरमुळे बाकीच्या देखभालीचं वेळापत्रकही सुधारलं. रोज सकाळी वाटी बघायला वाकतोच, तर तिथंच ऑइलची काडी, रेडिएटरचं पाणी आणि पंख्याचा पट्टा पाहून होतो. पुढच्या ॲक्सलच्या पिनेला ग्रीस दहा तासांनी, चिखलात काम असेल तर रोज. ऑइल आणि त्याचा फिल्टर २५० तासांना, इंजिन गरम असताना, म्हणजे गाळ तरंगता असतो आणि ऑइलबरोबर निघून जातो. एअर फिल्टर मी तासांवर ठेवत नाही, धुळीवर ठेवतो. हवेनं साफ करायचा तर आतून बाहेर, कमी दाबानं. आतला छोटा सेफ्टी फिल्टर साफ करायचाच नाही, तो बदलायचा.

लोडवर दम कमी पडला की पूर्वी मी दोन्ही फिल्टर एकदम बदलायचो. आता धूर बघतो. काळा धूर असेल तर हवा कमी पडते आहे, आधी एअर फिल्टर. ताकद गेली आणि धूर काळा नाही, तर डिझेल पुरत नाही, मग वाटीकडं वाकायचं. बुडबुडे असतील तर कुठंतरी हवा शिरते आहे, नसतील तर जाळी बुजली आहे.

६४० तासांत ३० मायक्रॉनचा फिल्टर दोनदा बदलला. पुढचा कागदी फिल्टर ठरल्या वेळी काढून कापून पाहिला, तर आतला कागद कोरड्या कडांचा आणि बऱ्यापैकी उजळ होता. आधीचे कापले तेव्हा डब्याच्या तळाला गंजाचा तांबडा गाळ असायचा, तो नव्हता. नोझल अजून काढावे लागलेले नाहीत.

पाचपैकी चार तारे. एक तारा चावीसाठी आणि त्या कागदासाठी कापला. घेणार असाल तर वाटीची एक आणि फिल्टरची एक अशा दोन जास्तीच्या रबरी रिंग आणि एक सुटी चावी सोबतच मागून घ्या. माझ्या अवजारांच्या पेटीत त्या आता कायम असतात.