ओपनफोम: हॅचरीच्या एअरलिफ्ट पाइपचं गणित त्याच्यावर कितपत सोडावं?

खाडीकाठच्या कोळंबी हॅचरीत टाकीतलं पाणी एअरलिफ्टने फिरवायचं, तर उभा पीव्हीसी पाइप आणि तळाशी ब्लोअरची हवा, एवढंच लागतं. पाइप किती जाड घ्यायचा आणि हवा किती सोडायची, हे ठरवायला ओपनफोम या प्रवाहांचं गणित करणाऱ्या सॉफ्टवेअरमधला टूफेजऑयलरफोम हा सॉल्व्हर, म्हणजे समीकरणं सोडवणारा प्रोग्राम, फार कामाचा आहे (ओपनफोम फाउंडेशनच्या नव्या आवृत्त्यांत तो मल्टीफेजऑयलर म्हणून येतो). तो फुकट आहे आणि साध्या डेस्कटॉपवर चालतो. लोट्याच्या केमिकल कंपनीतल्या इंजिनिअरने आणि रत्नागिरीच्या विद्यार्थ्याने, दोघांनीही तो जरूर शिकावा.

फक्त हे ध्यानात असू द्या की हा सॉल्व्हर एकेक बुडबुडा पाहत नाही. हवा आणि पाणी हे एकमेकांत मिसळलेले दोन प्रवाह मानतो आणि त्यांच्यातली ओढाताण सूत्रांनी मांडतो. त्यातल्या बहुतेक सूत्रांत बुडबुड्याचा व्यास असतो आणि तो तुम्हीच द्यायचा. व्यास चुकला तर उत्तरही चुकतं. तोमियामाच्या लिफ्ट सूत्रात (लिफ्ट म्हणजे बुडबुड्याला आडवं ढकलणारं बल) साधारण ५.८ मिमीखालचा बुडबुडा भिंतीकडे सरकतो, त्याहून मोठा मधोमध जातो. शिवाय खारट पाण्यात बुडबुडे एकमेकांत सहज मिसळत नाहीत, बारीकच राहतात. म्हणून गोड्या पाण्यातल्या प्रयोगाचा व्यास खाडीच्या पाण्याला लावू नका. पारदर्शक तुकडा जोडून, मागे मोजपट्टी धरून मोबाइलवर स्लो मोशन घ्या आणि पन्नासेक बुडबुडे मोजा. अर्ध्या दिवसाचं काम आहे, पण महिनाभर मेश, म्हणजे पाइपच्या आतल्या जागेचं बारीक कप्प्यांचं जाळं, बदलत बसणं त्यापुढे फिकं.

सॉफ्टवेअरसोबत येणारं बबलकॉलम उदाहरण जसंच्या तसं उचलू नका. त्यात लिफ्ट, वॉल लुब्रिकेशन (बुडबुड्याला भिंतीपासून दूर ठेवणारं बल) आणि टर्ब्युलंट डिस्पर्शन (खळबळीने हवा पसरणं) यांच्या जागा रिकाम्या असतात. पाइपसाठी तोमियामाची लिफ्ट, अँटलचं वॉल लुब्रिकेशन, बर्न्सचं डिस्पर्शन आणि ०.५ चा व्हर्च्युअल मास (बुडबुड्यासोबत ढकलल्या जाणाऱ्या पाण्याचा भार) द्या. लिफ्ट घेतली आणि डिस्पर्शन विसरलं, की सगळी हवा भिंतीलगतच्या एकाच सेलमध्ये, म्हणजे मेशच्या एका कप्प्यात, साचते. मेश जितका बारीक कराल तितका तो सुळका उंच होतो. तिथे दोष मेशचा नसतो.

आयसोथर्मल व्यास (दाबाप्रमाणे बदलणारा) निवडलात तर त्यातला पी-झिरो म्हणजे ज्या दाबाला व्यास मोजला तो दाब. २ मीटर पाण्याखालून वर येताना बुडबुडा जेमतेम ६ टक्के फुगतो, पण दाब चुकीचा लिहिला तर सगळीकडचाच व्यास बदलतो. हवा जवळजवळ शून्य असलेल्या सेलमध्ये हवेचा वेग भडकून सॉल्व्हर कोसळतो. अशा वेळी रेसिड्युअलअल्फा (हवेचा वाटा याहून कमी धरायचा नाही अशी मर्यादा) थोडा वाढवा आणि कूरांट आकडा (एका कालपावलात प्रवाह किती सेल ओलांडतो तो) ०.५ खाली ठेवा.

उत्तर आलं की आधी हाताने ताडून पाहा. ६३ मिमीच्या पाइपचा आतला व्यास समजा ५८ मिमी. मिनिटाला २० लिटर हवा म्हणजे पाइपच्या पूर्ण छेदावर धरलेला हवेचा वेग ०.१२६ मी/से. पाणी तसंच ०.५ मी/से धरलं, तर झुबर-फिंडले सूत्राने (१.२ चा गुणक आणि ०.२३ मी/से चा ड्रिफ्ट, म्हणजे हवेचा जादा वेग, घेऊन) हवेचा वाटा सुमारे १३ टक्के येतो. सॉल्व्हर २५ टक्के सांगत असेल, तर आधी इनलेटची हवा तपासा.

मर्यादाही आहे. २५ टक्क्यांच्या आसपास बुडबुडे एकत्र येऊन लांब गोळे होऊ लागतात आणि तिथे हे मॉडेल लागू पडत नाही. पाइप ५२ मिमीहून अरुंद असेल तर संथ प्रवाहात ते त्याआधीच होतं. दुकानातला '५० मिमी' पाइप तर आतून त्याहूनही अरुंद असतो. तिथे इंटरफोमकडे, म्हणजे हवा-पाण्याची सीमाच आखणाऱ्या सॉल्व्हरकडे, वळा.

पावसाळ्यात वीज केव्हा जाईल याचा नेम नाही. कंट्रोलडिक्ट या सेटिंगच्या फाइलमध्ये स्टार्टफ्रॉमपुढे लेटेस्टटाइम (शेवटच्या साठवलेल्या निकालापासून पुढे) लिहा आणि घड्याळाच्या दर अर्ध्या तासाला निकाल साठेल असं अंतर ठेवा, म्हणजे रात्रभराचं गणित वाया जाणार नाही.