निवोलुमॅब की डकार्बाझिन: पसरलेल्या मेलानोमावर काय सरस ठरलं
मेलानोमा हा त्वचेचा कॅन्सर एकदा शरीरात पसरला की वर्षानुवर्षं डॉक्टरांच्या हाताशी डकार्बाझिन ही केमोच असायची, दर 3 आठवड्यांनी सलाईनमधून. निवोलुमॅब तेव्हा ट्रायलमधलं नवं औषध, ते गाठीला थेट मारत नाही, आपल्याच प्रतिकारशक्तीच्या टी पेशींवरचा पीडी-1 नावाचा ब्रेक सोडवतं आणि मग त्या पेशीच गाठीवर तुटून पडतात. दोन्हींची तुलना करायला त्या ट्रायलमध्ये 418 पेशंट घेतले, आधी उपचार न झालेले, आणि कुणाला काय मिळतंय हे ना पेशंटला ठाऊक ना डॉक्टरांना, म्हणून निवोलुमॅबवाल्यांनाही केमोच्या नावाची खोटी सलाईन लागायची. वर्षभराने निवोलुमॅबकडे जवळपास 73 टक्के जिवंत, केमोकडे 42, हा फरक बघून अंगावर काटाच येतो. गाठी आकसल्या 40 टक्के लोकांच्या, केमोत 14 च्या आसपास. गंभीर त्रासही केमोतच जास्त. निवोलुमॅबने थकवा, खाज येते, पण कधीकधी प्रतिकारशक्ती आपल्याच लिव्हरवर, आतड्यांवर उलटते, तिथे गाफील राहून अजिबात चालत नाही. जून 2014 मध्ये देखरेख समितीने सांगितलं की आता लपवणं बंद करा, केमोवाल्यांनाही हे औषध घेऊ द्या, आणि मला ते अगदी मनापासून पटलं.