मेणवलीचा वाडा, एका सुताराच्या नजरेतून

वाईला ढोल्या गणपतीचं दर्शन झालं की बहुतेक जण गाडी मागे वळवतात. आम्हीही वळवणार होतो. भाचा म्हणाला, "मामा, मेणवली तीन किलोमीटरवर आहे, चला की." गेलो, आणि दुपारचं जेवण हुकलं.

मी जन्मभर रंधा चालवलेला माणूस. जुनी वास्तू म्हटली की लोक नक्षी बघतात, मी आधी सांधे बघतो. नाना फडणवीसांना हे गाव १७६८ साली मिळालं. मग हा सहा चौकांचा वाडा उभा राहिला आणि मागे कृष्णेवर घाट. वाड्यात शिरलो आणि पहिल्याच खांबापाशी थांबलो. सागवान आहे, हाताला अजून गुळगुळीत लागतं. खांब आणि तुळई जिथं भेटतात तिथं नख घालून पाहिलं. शिरलं नाही! आमच्याकडे चार वर्षांत दारं फुगतात, आणि इथं दोनशेहून जास्त पावसाळे गेलेत.

भिंतींवरची चित्रं फिकट झाली आहेत. तरी नीट पाहिलं तर रंग अजून बोलतात. आतल्या खोल्यांत अंधार फार, मोबाईलचा उजेड पुरत नाही. चौकातून ऊन सरळ खाली उतरतं तेव्हा, म्हणजे बाराच्या सुमाराला, आतलं लाकूडकाम सगळ्यात चांगलं दिसतं. काही दारांना कुलपं होती आणि आम्हाला समजावून सांगणारं कोणी भेटलं नाही. एक गुण त्याचाच कापतो. एक पोरगं किल्लीनं खांबावर नाव कोरायला निघालं होतं, त्याला भाच्यानं असा दम भरला की त्याच्या आईनंच माफी मागितली.

घाटावर फोटोवाल्यांची गर्दी. विष्णूचं आणि मेणेश्वराचं, दोन्ही देवळं सुबक आहेत, पण माझा जीव अडकला तो घंटेत. १७३९ला चिमाजी आप्पांनी वसई जिंकली, तेव्हा तिथल्या पोर्तुगीज चर्चमधल्या घंटा मराठ्यांनी आणल्या, त्यांतली ही एक. पंचधातूची, चांगली दणकट. तिच्यावर १७०७ साल आहे आणि बाळ येशूला घेतलेली मेरी. नानांचा जन्म १७४२चा, म्हणजे घंटा त्यांच्यापेक्षा पस्तीस वर्षांनी मोठी! ओतकाम इतकं स्वच्छ की मी भाच्याला तीनदा तेच दाखवलं, शेवटी तो कंटाळून पायरीवर जाऊन बसला.

पायऱ्या दगडी आहेत, माझ्यासारख्या गुडघेदुखीवाल्यांनी सावकाश उतरा. पावसाळ्यात तर काठाला हात धरणारं कोणीतरी हवंच.

पाचपैकी चार. पुढच्या खेपेला मोठी बॅटरी घेऊन जाणार आहे, आणि जेवण आधी उरकून.