बिनटाक्याची पुरुष नसबंदी करून आलो, सरकारी दवाखान्यातला पूर्ण अनुभव

नोव्हेंबरात सोयाबीनची रास झाली, आडतीवर माल घातला आणि दुसऱ्याच दिवशी तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात जाऊन नसबंदी करून आलो. जिल्हा लातूर, दवाखान्याचं नाव लिहीत नाही कारण तक्रारी पण आहेत. आता चार महिने झालेत, शेवटची तपासणी पण झाली म्हणून सविस्तर लिहितोय, कारण मला करायच्या आधी एक सुद्धा माणूस असा भेटला नाही की ज्याला विचारावं बाबा दुखतं का, किती दिवस लागतात.

आधी एवढा उशीर का लागला ते सांगतो. दोन लेकरं आहेत, मोठी दहा वर्षांची, धाकटा पाच. सगळं सोसलं ते बायकोनं. माला-एनची गर्भनिरोधक गोळी घेतली तर डोकं दुखायचं आणि मळमळ, तांबी बसवली तर कंबर धरली, मग अंतरा इंजेक्शन, दर तीन महिन्याला एक, सरकारीत फुकट मिळतं आणि लई जणींना ते मानवतं पण, पण हिला दोन-दोन आठवडे अंगावरून जायचं थांबतच नव्हतं. काढणीच्या दिवसात वाकून सोयाबीन कापता कापता मधूनच उठून बांधाकडं जायची, मला कळायचं कामून जातीय, आणि मी काय करत होतो तर निरोध, ते पण मेडिकलवर ओळखीचा पोरगा बसलेला असला की न घेताच परत यायचो.

२०१६ मध्ये मोबाईलवर बातमी वाचली होती की पुरुषांसाठी गर्भनिरोधक हार्मोनचं इंजेक्शन तयार झालंय. लई आनंद झाला होता. पुढं वाचलं तर ते २०११ मध्येच थांबवलेलं, निकाल तेवढा आता छापून आला होता. ३२० पुरुषांना दर आठ आठवड्याला इंजेक्शन देऊन पाहिलं, परिणाम चांगला होता, ज्या २६६ जोडप्यांनी त्याच्यावरच भरवसा ठेवला त्यांच्यात फक्त ४ जणींना दिवस गेले. पण काहींना पुरळ आलं, काहींचा मूड बिघडला, उदास वाटायला लागलं, म्हणून सुरक्षा बघणाऱ्या समितीनं थांबवायला लावलं. उदासी ही साधी गोष्ट नाही, ती तपासायलाच पाहिजे, थांबवलं ते चूक असं मी म्हणत नाही. पण आमच्या घरात तोच सगळा त्रास एका बाईनं वर्षानुवर्षं काढला आणि तिला सगळे "होतंय तसं, सवय होईल" एवढंच म्हणाले, मी पण तेच म्हणालो, ते मला आज टोचतं. इंजेक्शन घेतलेल्यांपैकी पाऊण हिस्स्याहून जास्त पुरुषांनी शेवटी सांगितलं की असं इंजेक्शन मिळालं तर आम्ही वापरू, हे पण त्याच बातमीत होतं.

तेव्हापासून मी वाटच बघत राहिलो, आज येईल उद्या येईल. मग गेल्या वर्षी घरात बायकोच्या ऑपरेशनचं ठरायला लागलं. आमच्या भागात हे असंच असतं, दुसरं लेकरू झालं की बाईचं ऑपरेशन, विचारायचं पण नसतं. शेजारच्या बीड जिल्ह्यात ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांच्या पिशव्या काढल्याचं प्रकरण २०१९ मध्ये गाजलं, पाळीमुळं कामाला खाडा पडला की मुकादम पैसे कापणार म्हणून गर्भाशयच काढून टाकायचं, ८२ हजार बायकांच्या पाहणीत १३ हजारांहून जास्त जणींची पिशवी काढलेली निघाली. ते वाचल्यावर मला वाटलं की आता हिच्या पोटाला हात नको लावायला, माझं होऊ द्या.

घरात माय म्हणाली, "बाप्या माणसाचं कुठं असतंय का हे, पोतं कसं उचलशील?" तिचा दोष नाही, आणीबाणीत गावात गाडी आली की लोक ज्वारीत जाऊन लपायचे हे आमचा आजा सांगायचा, तेव्हाच्या जबरदस्तीची भीती अजून गेलेली नाही. २०१९-२१ च्या सरकारी पाहणीत देशात बायकांची नसबंदी ३७.९ टक्के आणि पुरुषांची ०.३ टक्के. आणि दोन्हीत सोपं पुरुषांचं, त्यात पोट उघडायचं कामच नाही.

आता सर्व्हिसचं. दरवर्षी २१ नोव्हेंबर ते ४ डिसेंबर पुरुष नसबंदी पंधरवडा असतो, आशाताईंनी तारीख सांगितली. दवाखान्यात पाटी कुठंच नाही, खिडकीवर विचारलं तर "पेशंट कुठंय, बाईला घेऊन या" असं उत्तर आलं, चारचौघात दोनदा सांगावं लागलं की पेशंट मीच आहे. बसायला जागा बाळंतिणींच्या वॉर्डाबाहेर, तिथं मी एकटाच गडी, दोन तास बसलो. हे सुधारायला पाहिजे, एखादा कच्चा माणूस तिथूनच परत गेला असता.

पण डॉक्टर एक नंबर. टेबलावर घ्यायच्या आधी अर्धा तास समोर बसवून बोलले, नक्की ठरलंय का, हे कायमचं समजूनच करा, पुन्हा जोडता येतं पण खात्री नसते. मी त्यांना ते इंजेक्शन विचारलंच. माझं मोटर रिवायंडिंगचं दुकान आहे हे कळल्यावर त्यांनी माझ्याच भाषेत समजावलं. म्हणाले, नसबंदीत मोटर चालूच राहते, आपण फक्त पाइप कापतो. हार्मोनच्या उपायात स्टार्टर बंद करतात. बाहेरून टेस्टोस्टेरॉन, म्हणजे पुरुषाचं हार्मोन, दिलं की मेंदूतली पिट्युटरी ग्रंथी समजते की रक्तात भरपूर आहे, ती अंडकोषाला हुकूम देणारे दोन हार्मोन सोडायचं थांबवते, मग अंडकोषाच्या आतलं टेस्टोस्टेरॉन खाली येतं आणि शुक्राणू बनणं बंद पडतं. आतमध्ये रक्तापेक्षा कितीतरी पट जास्त लागतं म्हणून बाहेरून दिलेलं तिथं पुरत नाही, पण दाढी, ताकद, इच्छा यांना रक्तातलं पुरतं. बंद केलं की काही महिन्यांत बहुतेकांचं परत सुरू होतं.

हे ऐकताना मला दुकानाशेजारच्या जिममधला एक पोरगा आठवला, दोन वर्षं झाली लग्नाला, लेकरू नाही, तपासलं तर शुक्राणू शून्य, कारण अंग बनवायला टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शनं घेत होता. डॉक्टर म्हणाले हो, तेच तत्त्व, पण ते गर्भनिरोधक म्हणून कुणी स्वतःच्या मनानं करू नका, सगळ्यांचं सारखं खाली येत नाही आणि डोस चुकला तर हृदयाला, रक्ताला त्रास.

गोळी का नाही काढत विचारलं, तर तोंडानं घेतलेलं साधं टेस्टोस्टेरॉन यकृत लगेच मोडून टाकतं म्हणे. म्हणून आता जेल तयार करतायत, नेस्टोरोन नावाचं दुसरं हार्मोन आणि टेस्टोस्टेरॉन एकत्र, रोज खांद्यावर चोळायचं, वाळू द्यायचं आणि शर्ट घालायचा म्हणजे बायकोलेकरांच्या अंगाला लागत नाही. २०१८ मध्ये जोडप्यांवर चाचणी सुरू झाली. २०२४ मध्ये २२२ पुरुषांचे आकडे सांगितले, १५ आठवड्यांत ८६ टक्क्यांचे शुक्राणू पाहिजे तेवढे खाली आले. मेडिकलवर कधी मिळणार विचारलं तर डॉक्टर म्हणाले, तुम्ही त्याच्यासाठी थांबू नका. माझ्या मनात आलं, मोठीच्या नंतरच्या त्या पाच वर्षांत हे मिळालं असतं तर मी रोज सकाळी आंघोळ झाली की चोळलं असतं. ज्यांना दोन लेकरांत अंतर पाहिजे त्यांना नसबंदीचा काय उपयोग, त्या पुरुषाकडं आज निरोध सोडून काहीच नाही.

प्रत्यक्ष ऑपरेशन वीस मिनिटं पण नाही. भूल देताना एक सुई टोचली ते दुखलं, नंतर आत कुणीतरी दोरा ओढल्यासारखं वाटलं, पोटात कळ आल्यासारखी आली आणि गेली. बारीक छिद्र पाडतात, टाका नाही, वर पट्टी. अर्धा तास पडलो आणि मेव्हण्याच्या गाडीवर मागं बसून घरी आलो. दोन दिवस लंगोट घट्ट, तिथं पाणी लागू द्यायचं नाही. तिसऱ्या दिवशी दुकानात बसलो, आठ दिवस जड उचललं नाही, मोटरी पोरानं उतरवल्या. सूज थोडी होती, जांभळा डाग आठवडाभर. पंधरा दिवसांनी खताची पोती उचलली, मायनं उभं राहून बघितलं. बाकी नवराबायकोतलं जे विचारायचं असतं आणि कुणी विचारत नाही, त्यात काडीचा फरक नाही.

एक गोष्ट नीट ऐका, त्या दिवसापासूनच सुटलो असं नाही. पाइपात उरलेलं पाणी असतं तसं, तीन महिने निरोध वापरायचेच आणि मग वीर्य तपासून घ्यायचं. इथं दवाखान्यानं घोळ घातला, तीन महिन्यांनी गेलो तर म्हणाले ही तपासणी इथं होत नाही, जिल्ह्याला जा. एक दिवस दुकान बंद ठेवून लातूरला गेलो, चार वाजता कागद मिळाला, शुक्राणू शून्य. बसमध्येच फोटो काढून बायकोला पाठवला. घरी आलो तेव्हा तिनं कपाटातली माला-एनची उरलेली दोन पाकिटं आशाताईंना परत द्यायला पिशवीत घालून ठेवली होती.

डॉक्टर आणि सिस्टर यांना पाचपैकी पाच. दवाखान्याला तीन, पाटी लावा, पुरुषांना बसायला वेगळी जागा करा आणि तपासणी तालुक्यालाच ठेवा. जाताना आधार, बँक पासबुक आणि ढिली पँट, गाडी चालवायला सोबत एक माणूस. लग्न झालेलं आणि निदान एक लेकरू वर्षाच्या पुढचं पाहिजे, बायकोची सही लागत नाही, पण मी तिला समोर बसवूनच फॉर्म भरला.