लोरेटा लिन की डॉली पार्टन: आधी कोणाला ऐकावं?

अमेरिकन कंट्री संगीत कधी ऐकलं नाही, आणि हाताशी एखादाच निवांत रविवार आहे. मग या दोघींची दोन गाणी पाठोपाठ लावा. विषय एकच, नवऱ्यावर डोळा असलेली दुसरी बाई. डॉलीच्या 'जोलीन'मधली (१९७३) बायको तिच्यापुढे पदर पसरते: तू एवढी देखणी, तुला कोणीही मिळेल, माझा हा एवढा सोड. लोरेटाच्या 'फिस्ट सिटी'मधली (१९६८) बायको मात्र झिंज्या धरून आपटायचीच भाषा करते!

गरिबीत दोघींमध्ये डावं-उजवं करता येत नाही. लोरेटा केंटकीतल्या कोळसा खाणकामगाराची मुलगी. पंधराव्या वर्षी लग्न, विशीपर्यंत चार मुलं. डॉली टेनेसीच्या डोंगरातली, बारा भावंडांतली चौथी. तिच्या जन्माच्या वेळी डॉक्टरला द्यायला पैसे नव्हते, मक्याचं पीठ दिलं.

खरा फरक पडला तो कागदावरच्या सहीने. लोरेटाने सुरुवातीलाच आपल्या गाण्यांचे प्रकाशन हक्क विलबर्न बंधू या गायक-प्रकाशकांना देऊन टाकले. पुढे बिनसलं, ती कोर्टात गेली, हक्क काही परत मिळाले नाहीत. सत्तरच्या दशकात तिने लिहिणंच जवळजवळ थांबवलं. लिहून दुसऱ्याचं घर कशाला भरायचं? डॉलीच्या 'आय विल ऑल्वेज लव्ह यू'साठी (१९७४) साक्षात एल्विस प्रेस्लीकडून विचारणा झाली, पण अट अशी की निम्मे हक्क द्यायचे. ती रात्रभर रडली आणि नाही म्हणाली. १९९२ मध्ये व्हिटनी ह्यूस्टनने तेच गाणं जगभर पोहोचवलं, तेव्हा त्या नकाराचं मोल कळलं. डॉलीचं स्वतःचं मनोरंजन उद्यान आहे, लहान मुलांना फुकट पुस्तकं पाठवणारी योजना आहे. व्यवहारात डॉलीचा हात धरणारं कोणी नाही.

तरी माझं मत विचाराल तर आधी लोरेटा. तिला प्रस्तावना लागत नाही. दारू पिऊन घरी आलास तर जवळ येऊ नकोस, हे ती १९६६ मध्ये गाते. 'द पिल' हे गर्भनिरोधक गोळीवरचं गाणं १९७५ मध्ये आलं, तर कितीतरी रेडिओ केंद्रांनी ते लावायला नकार दिला. आवाजात नखरा नाही. भांडी घासता घासता बोलावं तसं गाते. 'व्हॅन लिअर रोझ' (२००४) हा अल्बम जरूर ऐका. बहात्तराव्या वर्षी, जवळपास सगळी गाणी स्वतः लिहिलेली.

तुम्हाला शब्दांपेक्षा चाल आधी पकडत असेल तर मात्र डॉलीच. 'कोट ऑफ मेनी कलर्स'पासून सुरुवात करा. चिंध्या जोडून आईने शिवलेल्या कोटाचं गाणं, आपल्याकडच्या गोधडीची आठवण येईलच. 'जोलीन'ची मिनिटाला पंचेचाळीस फेऱ्यांची तबकडी तेहतीसच्या संथ वेगावर लावलेली कुठे सापडली तर तीही ऐका. आवाज पुरुषाचा वाटू लागतो, आणि तीच विनवणी दुसऱ्याच कुणाची तरी होऊन जाते.