पसरणी घाटात अकरा महिने: टर्बो डिझेल पिकअपचा अनुभव

माझं गाव भिलारच्या अंगाला. घरची स्ट्रॉबेरी आणि गावातल्या आणखी सात-आठ जणांचा माल मीच नेतो-आणतो. गेल्या दसऱ्याला जुनी गाडी काढून नवी पिकअप घेतली. दीड लिटरचं टर्बो डिझेल इंजिन (टर्बो म्हणजे इंजिनात जादा हवा दाबून भरणारा पंखा), तेराशे किलोचं पासिंग, म्हणजे तेवढा माल भरायची परवानगी. आज मीटर ३४ हजारांच्या पुढं आहे. सीझन झाला, उन्हाळा झाला, अख्खा पावसाळा झाला. टर्बो घ्यावा की साधं बिनटर्बोचं इंजिन बरं, हे विचारणारे फोन मला आठवड्यातून एक-दोन येतातच, म्हणून सगळं एकदा सविस्तर लिहितोय. गाडीचं नाव मुद्दाम घेत नाही. नाव घेतलं की चर्चा कंपनीवर जाते आणि इंजिन बाजूला राहतं.

आधी जुन्या गाडीबद्दल, कारण तिच्यामुळेच मी दोन महिने अडून बसलो होतो. आमच्याकडे बारा वर्षं छोटा हत्ती, म्हणजे टाटांची एस, होता. टाटांनी एस २००५ साली आणली तेव्हा तिचं इंजिन होतं दोन सिलिंडरचं, ७०२ सीसीचं, १६ हॉर्सपॉवरचं, आणि टर्बो नावाची वस्तूच नव्हती. आमची गाडी त्याच वंशातली. वाई सोडून पसरणी घाट लागला की दुसरा गिअर, तो पाचगणीच्या टोलनाक्यापर्यंत दुसराच. मागून आलेली एसटी हॉर्न देऊन पुढं निघून जायची. पण बारा वर्षांत तिनं मला घाटात एकदाही सोडलं नाही. तेल, फिल्टर, पट्टा, क्लच प्लेट, याच्यापलीकडे मेस्त्रीला काही विचारावं लागलं नाही. तेव्हा माझं मत पक्कं होतं: जितके पार्ट कमी तितकी कटकट कमी. वडिलांचंही तेच. "घाटात मधेच थांबणाऱ्या जोरापेक्षा हळू चालणारी बरी," असं ते म्हणायचे, आणि बारा वर्षं ते खरंच ठरलं होतं.

मत बदललं ते आमच्या मालामुळं. स्ट्रॉबेरीचा धंदा म्हटलं की लोकांना वाटतं, भरलेली गाडी खाली जाते आणि रिकामी वर येते, मग घाट चढायला जोर कशाला हवा? प्रत्यक्षात उलटं आहे. फळ हलकं असतं. पनेटच्या (फळाच्या छोट्या प्लास्टिक डब्यांच्या) बॉक्सची थप्पी हौद्यात मावेनाशी होते तरी वजन पासिंगच्या निम्म्यालाही जात नाही. जड माल वर येतो. ऑगस्टमध्ये बेड, म्हणजे लावणीचे वाफे, करायचे तर शेणखत, रासायनिक खताची पोती, वाफ्यावर अंथरायच्या मल्चिंग कागदाचे रोल, ठिबकची बंडलं. सप्टेंबर उजाडला की वाईकडच्या नर्सऱ्यांतून रोपं. दिवसाला दोन खेपा, कधी तीन. वाई साधारण ७०० मीटरवर आणि पाचगणी १३०० च्या आसपास. म्हणजे बारा-तेरा किलोमीटरांत सहाशे मीटर चढायचं, तेही भरल्या गाडीनं.

आता इथं हवेचा हिशोब येतो, आणि माझ्या मते सगळा निवाडा याच हिशोबात आहे. इंजिन जितकी हवा ओढेल तितकंच इंधन नीट जाळेल. उंचीवर हवा विरळ होते. बिनटर्बोच्या इंजिनाची ताकद दर शंभर मीटरला साधारण एक टक्का कमी होते, असा अंदाज धरतात. म्हणजे पाचगणीत पोचेपर्यंत, समुद्राकाठी मोजलेल्या ताकदीतला आठवा हिस्सा गेलेला असतो. कागदावरचे आकडे पठारावर येताना पूर्ण येतच नाहीत. टर्बो हा सायलेन्सरकडं जाणाऱ्या गरम धुरावर फिरतो आणि बाहेरची हवा दाबून सिलिंडरात भरतो. बाहेर हवा विरळ असली तर तो थोडा जास्त वेगानं फिरून तूट बरीचशी भरून काढतो. म्हणून माझी गाडी वाईच्या बाजारात जशी ओढते जवळजवळ तशीच टेबललँडच्या वळणावरही ओढते. छोट्या हत्तीला हे जमत नव्हतं, त्यात त्याचा दोष काही नाही.

शोरूममध्ये गेल्यावर आणखी एक गोष्ट कळली. "टर्बो डिझेल की बिनटर्बो डिझेल" हा प्रश्न आता जवळपास संपलाय. एप्रिल २०२० पासून बीएस सहा हे गाड्यांच्या प्रदूषणाचं नवं मानक लागू झालं आणि धुराचे नियम कडक झाले. टर्बो नसलेल्या डिझेलला त्यात बसवणं कठीण. ज्या एसनं बिनटर्बोच्या इंजिनावर अख्खा देश फिरवला, तिचीच २०२५ साली आलेली एस गोल्ड प्लस डिझेल टर्बोवर आहे, २२ पीएसची (पीएस म्हणजे जवळपास हॉर्सपॉवरच). त्यामुळं आज खरी निवड राहते ती टर्बो डिझेल आणि बिनटर्बोचं पेट्रोल-सीएनजी यांच्यात.

माझ्या मामेभावानं त्याच महिन्यात दुसरी वाट धरली. तो साताऱ्यात किराणा आणि बिस्किटांचा माल दुकानांना पोचवतो. त्यानं बाराशे सीसीची सीएनजी गाडी घेतली. दोन्ही गाड्या एका घरात असल्यासारख्याच आहेत, मी त्याची चालवतो, तो माझी. म्हणून हे ऐकीव नाही.

त्याची गाडी गावात लोण्यासारखी चालते. अॅक्सिलेटरवर पाय ठेवला की लगेच हलते, सोडला की लगेच थांबते, मधे काही वाट बघायला लागत नाही. पोवई नाका ते एमआयडीसी दिवसभर थांब-चाल, थांब-चाल, त्याला हेच इंजिन हवं. किलोमागं सतरा-अठरा किलोमीटर देते. पण मार्चमध्ये एकदा माझी गाडी सर्व्हिसिंगला होती म्हणून सहाशे किलो खत तिच्यातून वर आणलं. सीएनजीवर घाटाच्या निम्म्यात आल्यावर पहिला गिअर टाकावा लागला, पेट्रोलवर केली तेव्हा जरा बरी झाली. याचं कारणही हवाच आहे. गॅस सिलिंडरात हवेचीच जागा खातो. मारुतीच्या सुपर कॅरीचे आकडे बघा: पेट्रोलवर टॉर्क, म्हणजे चाक फिरवायचा जोर, १०४.४ न्यूटन मीटर, सीएनजीवर ९५. त्यातून परत उंचीचा आठवा हिस्सा वजा करा. या इंजिनांचा टॉर्क २८००-२९०० आरपीएमला (इंजिनाच्या मिनिटाला तेवढ्या फेऱ्यांना) पूर्ण येतो, म्हणजे चढावर इंजिन सतत ओरडत ठेवायला लागतं. बोलेरो पिकअपचं अडीच लिटरचं टर्बो डिझेल २०० न्यूटन मीटर १४०० ते २२०० आरपीएममध्येच देतं. माझं वाक्य लक्षात ठेवा: पिकअप घेताना हॉर्सपॉवरचा आकडा विचारू नका, टॉर्क किती आणि कितव्या आरपीएमला, हे विचारा.

म्हणून टर्बोत सगळं गोडच आहे असं नाही. पहिला महिना मी चुकीची चालवत होतो. पसरणीत जी आखूड, पोटात चढ असलेली वळणं आहेत तिथं मी जुन्या सवयीनं दुसऱ्या गिअरवर शिरायचो. समोरून बस आली की पाय उचलायचो, आरपीएम १३००-१४०० च्या खाली जायचा, आणि वळणाच्या ऐन पोटात गाडी ढिली पडायची. पाय दाबला तरी एक-दीड सेकंद काही नाही. धूर कमी, टर्बो मंद, हवा नाही, जोर नाही. मग एकदम जोर यायचा आणि गाडी झटका देऊन उचलायची. भरल्या गाडीत तो दीड सेकंद फार मोठा असतो, गाडी मागं सरकते की काय असं वाटतं. छोट्या हत्तीत जोर कमी होता पण तो पायाखाली कायम असायचा, अशी फसगत नव्हती. उपाय सोपा निघाला. वळणात शिरायच्या आधीच पहिला टाकायचा, आरपीएम १८०० च्या वर ठेवून वळायचं, सरळ रस्ता दिसला की दुसरा. आठवड्याभरात हात बसला. पण ड्रायव्हर बदलता असेल, रोज नवा पोरगा गाडीवर बसणार असेल, तर ही गोष्ट त्याला शिकवल्याशिवाय चावी देऊ नका.

तो झटका फळालाही मारक आहे. डिसेंबरात सुरुवातीच्या खेपांना वाशीला बॉक्स उघडले तेव्हा मागच्या थप्पीतली खालची पनेटं दबलेली होती. व्यापाऱ्यानं तेवढ्या बॉक्सचा भाव पाडला. आता माल भरला असेल तर पाय एकदम दाबायचा नाही, टर्बो हळूहळू जोर धरेल असा दाबायचा, आणि थप्पीला आडवा पट्टा लावायचा. तक्रार बंद झाली.

आता ऑगस्टमधली गोष्ट. वीस पोती खत भरून वर येत होतो. घाट निम्मा झाला आणि अचानक बॉनेटमधून शिट्टीसारखा सूं-सूं आवाज, मागं काळा धूर, आणि गाडीचा जीवच गेला. इंजिन बंद पडलं नाही, पण तिसरा सोडा, दुसराही ओढेना. डॅशबोर्डवर इंजिनाचा पिवळा दिवा. मला वाटलं टर्बो गेला. पोटात गोळाच आला, कारण टर्बो बदलायचा खर्च हजारांत दोन आकडी जातो हे ऐकून होतो. कडेला घेतली, दगड लावले, बॉनेट उघडलं. टर्बोकडून इंटरकूलरला (दाबलेली गरम हवा गार करणाऱ्या जाळीला) जाणारा जाड रबरी पाइप हातानंच फिरत होता. त्याची क्लिप ढिली. दोन दिवसांपूर्वी वाटेतल्या एका गॅरेजमध्ये एअर फिल्टर साफ करून घेतला होता, तिथं पाइप काढून परत नीट आवळलाच नव्हता. दाबलेली हवा तिथनंच निसटत होती. स्क्रू ड्रायव्हरनं क्लिप आवळली, गाडी पहिल्यासारखी. दिवा दुसऱ्या दिवशी गेला.

त्या दिवसापासून दोन गोष्टी करतो. कुणीही बॉनेटमध्ये हात घातला की सगळ्या पाइपांच्या क्लिपा स्वतः हलवून बघतो. आणि एअर फिल्टर हवा मारून साफ करत नाही, बदलतो. हवेच्या प्रेशरनं फिल्टरचा कागद फाटतो, डोळ्याला दिसत नाही. जानेवारीनंतर आमच्या शेतरस्त्यांवर तांबडी धूळ घोट्याएवढी असते. ती फाटक्या फिल्टरमधून आत गेली की मिनिटाला लाखावर फेरे घेणाऱ्या टर्बोच्या पात्यांवर सँडपेपर चालवल्यासारखं होतं. फिल्टर काही शेकड्यांत मिळतो. यात काटकसर करू नका, कळकळीनं सांगतो.

तेलाचंही तसंच. टर्बोचा दांडा तेलाच्या पातळ थरावर तरंगत फिरतो. घाट चढून आल्यावर तो लालबुंद तापलेला असतो, आणि लगेच चावी फिरवली की तेल यायचं थांबतं, आहे ते तेल तिथंच जळून कोळसा होतं. म्हणून घरी पोचलं की इंजिन चालू ठेवून ताडपत्रीची दोरी सोडतो. दीड-दोन मिनिटं जातात, मग बंद. सकाळी थंड गाडी चालू केली की पहिली दोन-चार मिनिटं रेस करायची नाही. आणि तेल कंपनीनं सांगितलेल्या ग्रेडचंच. बीएस सहाच्या गाड्यांत सायलेन्सरच्या वाटेवर काजळी धरणारा फिल्टर असतो, त्याला कमी राखेचं तेल लागतं. ट्रॅक्टरसाठी घरात पडलेला डबा यात ओतायचा नाही.

त्या काजळीच्या फिल्टरनं पावसाळ्यात थोडा त्रास दिला. सीझनमध्ये आठवड्याला तीन वेळा वाशी, दोन वेळा पुणे, त्यामुळं फिल्टर आपोआप तापून साफ व्हायचा. जून-जुलैत गाडी शेत ते गाव आणि गाव ते पाचगणी एवढीच चालली, आणि फिल्टर भरल्याचा दिवा लागला. सुरूर फाट्यावरून हायवेला घेतली, खंबाटकीच्या बोगद्यातून शिरवळपर्यंत एकसारख्या वेगानं नेली, परत येताना दिवा गेलेला. आता पावसात दर पंधरा दिवसांनी अशी एक चक्कर ठरवूनच मारतो. ज्याची गाडी वर्षभर तीन-चार किलोमीटरच्याच खेपा करणार आहे त्यानं टर्बो डिझेल घेऊ नये, असं मी स्पष्ट सांगतो. त्याला भावाची गाडी चांगली.

अॅव्हरेज मला मिसळून साडेतेरा मिळतं, हायवेला हलका माल असेल तर सोळा. खेपेच्या हिशोबात बघितलं तर जुन्या गाडीला जो माल तीन खेपांत यायचा तो आता दीड खेपेत येतो, आणि घाटाची एक चढण पंधरा-वीस मिनिटांनी कमी झाली. सप्टेंबरात रोपं आणताना याचा फरक कळतो, कारण नर्सरीतून उपटलेलं रोप उन्हात जितकं कमी राहील तितकं बेडमध्ये लवकर धरतं. यंदा दुपारी बाराच्या आत दोन्ही खेपा वर आल्या, आणि लावणीत सांधायला (मेलेल्या रोपांच्या जागी परत लावायला) लागलेली रोपं गेल्या वर्षीपेक्षा कमी निघाली.

घाट उतरताना टर्बोची काही मदत नसते, हेही लिहून ठेवतो. ज्या गिअरवर चढायचं त्याच गिअरवर उतरायचं, ही जुनी रीत या गाडीलाही तशीच लागू आहे. जोर जास्त आहे म्हणून तिसऱ्यावर उतरणारे बघितलेत, वाईत पोचेपर्यंत त्यांच्या चाकांना जळका वास असतो.

घेणार असाल तर टेस्ट ड्राइव्ह रिकाम्या गाडीची घेऊ नका. मी शोरूममधल्या माणसाला विनंती केली, दहा-बारा पोती टाकली आणि गाडी घाटातल्या पहिल्या दोन वळणांपर्यंत नेली. त्यानं नाही म्हटलं नाही. त्या दोन वळणांत जे कळतं ते कुठल्याही पत्रकात छापलेलं नसतं. वॉरंटीच्या कागदात टर्बो आणि इंजेक्टर धरलेत का, किती वर्षं, किती किलोमीटर, हे त्यांच्याकडून लिहून घ्या. माझी पुढची सर्व्हिस ४० हजारांवर आहे, तेव्हा टर्बोच्या दांड्याचा खेळ (ढिलेपणा) तपासून घेणार आहे.